साल आधी, रंग नंतर

न्यू जर्सीतलं हे घर आम्ही २०१४ मध्ये घेतलं तेव्हा मागच्या दाराबाहेर बारा बाय सोळा फुटांचा लाकडी डेक होता. डेक म्हणजे काय हे गावाकडच्या मंडळींना सांगताना मी कडीपाटाचा दाखला देतो. वाड्यातला माळा डोळ्यांसमोर आणा, वरचं छप्पर काढून टाका, खालच्या खोलीच्या जागी गवत ठेवा. घराच्या भिंतीला एक जाड फळी आडवी ठोकलेली असते, तिला लेजर बोर्ड म्हणतात. तिच्यातून कड्या बाहेर निघतात, दुसऱ्या टोकाला तुळई आणि तीन खांब, आणि कड्यांवर फळ्यांचा पाट. फरक एवढाच, की वाड्यातल्या कडीपाटाला पाऊस लागत नाही. ह्याला पाऊस, बर्फ, ऊन, सगळं लागतं, आणि वर माणसं खुर्च्या ओढत बसतात.

आमच्याकडे १३ कड्या, सोळा-सोळा इंचांवर. वर २६ फळ्या. ह्या फळ्यांना दुकानात 'सव्वा बाय सहा' म्हणतात. मोजली तर जाडी एक इंच भरते आणि रुंदी साडेपाच. लाकडाच्या वखारीत मापं कमी भरण्याची रीत जगभर सारखीच दिसते.

२०१८ च्या मे महिन्यात मी ह्या डेकला रंग दिला. ह्या प्रकरणातलं निम्मं नुकसान त्या दोन दिवसांतलं आहे, म्हणून ते आधी सांगतो.

फळ्या तेव्हा करड्या झाल्या होत्या. लाकडात तंतू असतात सेल्युलोजचे आणि त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन. उन्हातले अतिनील किरण लिग्निन खातात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर उरतात मोकळे, करडे तंतू. त्यांच्यात बुरशी बसली की काळपट झाक येते. दिसायला भयंकर, पण हे फार खोल जात नाही. रंग न दिलेलं मऊ जातीचं लाकूड असं झिजतं ते शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर. म्हणजे डेक करडा झाला म्हणून कुजला असं नव्हे. मला हे माहीत नव्हतं.

मी भाड्यानं ३,००० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) प्रेशर वॉशर, म्हणजे जोरानं पाणी फवारणारं यंत्र, आणला, बारीक तोंडाचा नोझल लावला, आणि फळ्या 'स्वच्छ' केल्या. फवारा जवळ गेला तिथं लाकडातला मऊ भाग उडाला आणि कडक वलयं वर राहिली, नांगरलेल्या शेतातल्या सरी-वरंब्यासारखी. दुसऱ्याच दिवशी, लाकूड वरून कोरडं दिसतंय म्हणून, त्यावर 'जुन्या डेकला नवा जन्म' अशा जाहिरातीचा एक दाट रंग फासला. चुन्याच्या निवळीच्या नव्हे, चुन्याच्या साक्याच्या जाडीचा. दोन हात. भेगा बुजल्या, सऱ्या बुजल्या, सगळं एकसारखं राखाडी झालं. शेजारी बघायला आला आणि म्हणाला, माझाही करून दे.

२०१९ च्या गणपतीत त्या डेकवर चाळीस माणसं उभी राहून मोदक खात होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

२०२० च्या वसंतात रंगाला फोड आले. मग पापुद्रे. मग तळहाताएवढे तुकडे निघू लागले, आणि त्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीला लाकडाचे करडे तंतू चिकटलेले होते. तुकडा उलटा करून पाहिला आणि काय झालं ते समजलं. रंग लाकडाला चिकटलाच नव्हता. तो मेलेल्या तंतूंना चिकटला होता, आणि ते तंतू लाकडाला सोडून निघून आले होते. त्यातून ओलावा. पाणी फक्त वरून येत नाही. फळीच्या टोकांतून, स्क्रूच्या भोकांतून, खालच्या उघड्या अंगातून शिरतं. ऊन पडलं की त्याला वाफ होऊन वर यायचं असतं, आणि वर आपण प्लॅस्टिकचं झाकण घातलेलं. झाकण उडणारच. मॅडिसन, विस्कॉन्सिन इथं १९१० पासून फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी नावाची सरकारी प्रयोगशाळा लाकडावरच काम करते. कोरं लाकूड काही आठवडे जरी उन्हात उघडं पडलं तरी त्यावर रंगाची पकड कमी होते, हे तिथल्या लोकांनी फार पूर्वी दाखवून ठेवलं आहे. आमचं लाकूड काही वर्षं उघडं होतं.

२०२१ च्या मे महिन्यात आम्ही दोन ठिकाणांहून दर मागवले. वेळ अशी निवडली, की त्याच महिन्यात लाकडाचे वायदे हजार बोर्ड फुटांना (बोर्ड फूट हे लाकूड मोजायचं माप) १,६०० डॉलरच्या वर गेले होते. करोनात घरी बसलेल्या अर्ध्या अमेरिकेनं डेक बांधायला काढला होता. नवा डेक परवडणार नव्हता. एका कंत्राटदारानं सल्ला दिला, की खरवडून पुन्हा तसलाच रंग मारू, दोन दिवसांचं काम आहे. त्यानं डेकच्या खाली वाकूनही पाहिलं नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही, कारण मीसुद्धा सात वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

बायकोनं विचारलं, "हा डेक बांधला कधी?" साधा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि पुढचं सगळं ह्या उत्तरावर ठरलं.

अमेरिकेत घरामागच्या डेकला बहुधा पाइनचं दाबप्रक्रिया केलेलं लाकूड वापरतात. रसायन मोठ्या टाकीत दाबानं लाकडाच्या आतपर्यंत घालतात, म्हणजे वाळवी आणि कुज लागत नाही. २००३ अखेरपर्यंत हे रसायन म्हणजे सीसीए: क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे सोमल. पोरंबाळं ज्यावर रांगतात त्यात सोमल नको म्हणून उत्पादकांनी ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती वापरासाठी हे बंद केलं. डेक त्याआधीचा असेल तर सगळा खेळ बदलतो. तो घासायचा नाही, कारण धूळ विषारी. नेहमीची डेक धुण्याची रसायनंही जपून, कारण ब्लीच किंवा सोडियम परकार्बोनेटसारख्या पदार्थांनी लाकडात स्थिर बसलेलं क्रोमियम जास्त विषारी रूपात बाहेर येऊ शकतं. तुकडे जाळायचे तर कधीच नाहीत.

टाउनशिपच्या कार्यालयात जुन्या परवान्यांच्या फायली असतात. आमच्या पत्त्याखाली डेकचा परवाना निघाला २००५ चा. जीव भांड्यात पडला. सोमल नाही.

तो आनंद महिनाभर टिकला.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मी डेकवर उभा राहून बाबांना व्हिडिओ कॉलवर पापुद्रे दाखवत होतो. भारतातून येणाऱ्यांना त्या मे महिन्यापासून अमेरिकेनं दार बंद केलं होतं, त्यामुळे त्यांचं येणं रद्द झालेलं. देवगडला संध्याकाळचे साडेपाच, पाऊस कोसळत होता, आणि बाबा पडवीत बसून, लाकूड ह्या विषयावर कुणीतरी आपल्याला विचारतंय ह्याच आनंदात होते. आमच्या घराचे फणसाचे वासे त्यांनी स्वतः उभं राहून चढवून घेतले आहेत. रंग कुठला देऊ, असं मी विचारत होतो. तेल, पाण्याचा, पारदर्शक, अर्धपारदर्शक. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "रंग मगे काढ. खालसून दाखय बघूया."

डेक घराकडच्या बाजूला जमिनीपासून चार फूट उंच आहे. मी वाकून आत शिरलो. कोळीष्टकं, मागच्या मालकाची एक कुंडी, चेंडू. फोनचा टॉर्च लावून लेजर बोर्डपाशी गेलो. प्रत्येक कडीचं टोक तिथं पत्र्याच्या एका खोबणीत बसलेलं असतं, घोड्याच्या रिकिबीसारख्या. तिला जॉइस्ट हँगर म्हणतात. टॉर्चच्या उजेडात पहिली रिकीब पांढऱ्या पुडीनं माखलेली दिसली. दुसरी तांबूस. तिसरीच्या तळाला मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि पत्र्याचा पापड मोडावा तसा तुकडा खाली पडला.

पलीकडे काही क्षण फक्त पावसाचा आवाज. मग, "ह्यां लोखंड कोणी खाल्ल्यान रे?"

लाकडानं. ह्याचंही उत्तर त्या सालातच होतं. सीसीए गेलं आणि त्याच्या जागी जे आलं त्यातलं मुख्य एसीक्यू, त्यात आर्सेनिक नाही पण तांबं कितीतरी जास्त. तांबं आणि जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड ओलाव्यात शेजारी ठेवलं की घरगुती बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात आधी जस्त जातं, मग लोखंड. पांढरी पूड म्हणजे जस्त संपत आल्याची खूण, तांबूस म्हणजे संपल्याची. नव्या लाकडाला जाड मुलाम्याचे हँगर हवेत हे उत्पादक सांगत होते: दर चौरस फुटाला, दोन्ही बाजू मिळून, १.८५ औंस जस्त. जुन्या साध्या हँगरांवर असायचं ०.६०. पण नियम बदलला म्हणून सुताराच्या गाडीतला जुना माल एका रात्रीत संपत नाही. २००४-०५ चे डेक म्हणूनच विचित्र कात्रीत सापडलेले: लाकूड नव्या काळातलं, लोखंड जुन्या काळातलं. एका कडीच्या टोकाला स्टेपलनं मारलेली प्लॅस्टिकची चिठ्ठी अजून शाबूत होती आणि तिच्यावर एसीक्यू असं स्वच्छ लिहिलं होतं.

बाबांनी मला अजून दहा मिनिटं तिथंच बसवलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक कडी ठोकायला लावली आणि आवाज ऐकत राहिले. त्या फोनच्या स्पीकरवरून त्यांना काय ऐकू आलं देव जाणे, पण निकाल बरोबर होता: "लाकूड बरां आसा." टोक दाबून पाहिलं तर कुठल्याच कडीत पाव इंचही शिरलं नाही.

आता ती चाळीस माणसं. डेकची रचना दर चौरस फुटाला ४० पौंड भार धरून करतात. आमच्या १९२ चौरस फुटांना ७,६८० पौंड, म्हणजे साधारण साडेतीन टन. चाळीस माणसं मोदकांसकट धरली तरी तीन टनांच्या आत. हिशेबात बसतं. पण हा हिशेब सगळे सांधे धड असतील तरच. त्यातला जवळपास निम्मा भार भिंतीकडे येतो, आणि भिंतीकडे तो पापड झालेल्या पत्र्यांवर होता. जून २००३ मध्ये शिकागोच्या लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना लाकडी सज्जे एकावर एक कोसळून १३ जण गेले होते. आमचा डेक चारच फूट उंच, हे मान्य. तरी त्या दिवसापासून मी वर जाणाऱ्या दाराला खुर्ची लावून ठेवली.

प्रश्न आता रंगाचा राहिला नव्हता. हँगर बदलायचे तर भिंतीकडच्या फळ्या काढाव्या लागणार, लेजरच्या डोक्यावरची पाणी अडवणारी पट्टी पाहावी लागणार. परवानाधारक सुतार बोलावला. हा माणूस बोलायच्या आधी डेकखाली शिरला, तिथंच मी त्याला काम दिलं. त्यानं आणखी दोन गोष्टी दाखवल्या. लेजरवरची पट्टी ॲल्युमिनियमची होती, आणि एसीक्यूतल्या तांब्यापुढे ॲल्युमिनियम लोखंडाहूनही दुबळं. तिला सुईनं टोचल्यासारखी भोकं पडली होती. आणि लेजर भिंतीला धरणारे जाड स्क्रू बत्तीस इंचांवर एक होते. आज एवढ्या लांबीच्या कड्यांना साधारण पंधरा इंचांवर एक लागतो.

फळ्या काढताना अर्ध्या स्क्रूंची डोकीच तुटून आली. तेही त्याच आजाराचे रोगी. म्हणून मग ठरलं, की दोन-चार फळ्या काढण्याऐवजी सगळ्याच काढायच्या.

आणि इथं, दुरुस्तीचा खर्च वाढला म्हणून मी तोंड पाडून बसलो असताना, रंगाचा प्रश्न आपोआप सुटला. सुतारानं काढलेली पहिली फळी गवतावर पालथी टाकली. खालचं अंग मधाच्या रंगाचं, सपाट, जवळजवळ कोरं. सोळा वर्षांत त्याला ऊन लागलंच नव्हतं. वरच्या अंगावरचा तो दाट रंग काढण्यासाठी मी महिनाभर कॉस्टिकचे जेल, खरवडण्या आणि सँडरचे पट्टे वाचत होतो. दोन फूट जागेवर कॉस्टिक लावूनही पाहिलं होतं: तासाभरानं रंग च्युइंगमसारखा झाला आणि लाकडाला लव आली, पण रंग सुटला नाही. आता तो सगळा खटाटोप नको. फळ्या उलट्या करायच्या. रंग खाली जाऊ दे, गवताकडे तोंड करून.

२६ पैकी पाच फळ्या टोकाला चिरफाळल्या होत्या, त्या टाकून दिल्या. उरल्या २१. शिवाय उन्हापावसानं फळ्या ज्या बाजूला वाटीसारख्या झाल्या होत्या, ती बाजू उलटल्यावर पालथ्या वाटीसारखी झाली. पाणी साचायचं ते आता दोन्ही कडांना ओघळतं. हा फायदा मी ठरवून मिळवला असं सांगायला आवडलं असतं.

तोटाही सांगतो. प्रत्येक फळीला १३ कड्यांवर दोन-दोन स्क्रू, म्हणजे २१ फळ्यांत ५४६ भोकं. ती आता वर आली. फळ्या इंचभर सरकवून नवे स्क्रू ताज्या लाकडात मारले आणि जुनी भोकं बाहेरच्या वापराच्या लुकणानं बुजवली. दोन रविवार मी आणि मुलगी गुडघ्यांवर बसून सुरीनं लुकण भरत होतो. जवळून पाहिलं तर आजही ठिपक्यांच्या रांगा दिसतात. मुलगी त्यांना रांगोळीचे ठिपके म्हणते.

सुताराचं काम ऑगस्टमध्ये चार दिवस चाललं. कड्यांना खालून तात्पुरता टेकू, अकरा हँगर नवे, जाड मुलाम्याचे, आणि खिळेही त्याच जातीचे. हँगर चांगला आणि खिळा साधा असेल तर खिळा आधी जातो. दोन्ही कडेच्या कड्या चौकटीला होत्या, त्यांना कोनपट्ट्या. व्हिनाइलच्या भिंतपट्टीची खालची ओळ उचलून नवी व्हिनाइलची पाणपट्टी सरकवली. लेजरला मधे मधे नवे स्क्रू. कड्यांच्या डोक्यांवर ब्यूटाइलची चिकटपट्टी, म्हणजे स्क्रूच्या भोकात पाणी मुरणार नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला कॉपर नॅफ्थेनेट हे हिरवं औषध, कारण दाबप्रक्रियेचं रसायन फळीच्या गाभ्यापर्यंत सारखं पोचलेलं नसतं आणि करवत नेमका तो गाभा उघडा करतो. बाबा म्हणाले, आम्ही होडीला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावायचो तसंच की. तसंच.

मग धुणं. ह्या वेळी प्रेशर वॉशर ६०० पीएसआयच्या आसपास, रुंद पंख्याचा नोझल, फळीपासून हातभर लांब, आणि तोही फक्त खळबळून काढण्यापुरता. काम केलं ते सोडियम परकार्बोनेटनं. ही पांढरी पूड कोमट पाण्यात विरघळली की ऑक्सिजन सोडते, बुरशी आणि मळ उचलते, क्लोरीनच्या ब्लीचसारखी लाकडाचे तंतू खात नाही. पंधरा मिनिटं ओलं ठेवून लांब दांड्याच्या ब्रशनं घासलं. पण हे द्रावण अल्कधर्मी. लाकूड त्यानं काळवंडतं. म्हणून वरून ऑक्झॅलिक आम्ल. ते शिंपडल्यावर कड्यांवर टेकलेल्या जागचे काळे पट्टे आणि गंजलेल्या स्क्रूंचे निळसर डाग डोळ्यांदेखत फिके होत गेले. मुलीनं त्याचा व्हिडिओ काढून शाळेत दाखवला. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ह्या आम्लाला हात लावू नका, आणि आधी झाडांवर साधं पाणी मारून घ्या. आमच्या एका होस्टाची पानं जळलीच.

बेत असा होता, की सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायचा रंग, लावायचा आणि १० सप्टेंबरला गणपतीची मंडळी नव्या डेकवर बसवायची. १ सप्टेंबरच्या बुधवारी रात्री आयडा वादळाचं उरलंसुरलं आमच्यावर येऊन रिकामं झालं. न्यू जर्सीत पंचविसाहून जास्त माणसं गेली, बहुतेक पुरात, गाड्यांमध्ये. आमच्या तळघरात गुडघाभर पाणी. डेकचं कुणाला सुचतंय. पाणी उपसून झाल्यावर चौथ्या दिवशी लाकडातला ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरच्या सुया फळीत टोचल्या तर आकडा २६ टक्के. स्टेनसाठी १५ च्या खाली हवा.

गणपती आले, घरातच बसले, मंडळी घरातच जेवली. सगळे काचेच्या दारातून कोऱ्या लाकडाकडे बघून म्हणत होते, "अरे छान दिसतंय की, असंच ठेव ना." एक काका तर, दोन हात दे रे पटकन, उद्या कोरडं होईल, असं सांगून गेले. २०१८ मधला मी त्यांच्यात बसलेला दिसला. हे असंच ठेवणंही खरं तर गैर नाही. जातं ते रूप, ताकद नव्हे. पण भेगा लवकर पडतात आणि अनवाणी पायात कुसं जातात, म्हणून स्टेन.

महिनाभर रोज संध्याकाळी मीटर टोचत होतो. २६, २१, पाऊस, पुन्हा २३, १८, १६. नवीन पाच फळ्या प्रक्रियेनंतर भट्टीत वाळवलेल्या घेतल्या होत्या, त्या आधी तयार झाल्या. २ ऑक्टोबरच्या शनिवारी सगळीकडे १३-१४.

त्याआधी ६० नंबरच्या काचपेपरनं एक हलका हात फिरवला होता. इथं हौशी माणूस चुकतो: टेबल घासावं तसं १५०, २२० पर्यंत घासतो. एवढं गुळगुळीत लाकूड तेल पीतच नाही. डेक थोडा खरखरीतच हवा. धूळ मात्र एसीक्यूचीही फुप्फुसात जाऊ देऊ नये. मास्क करोनामुळे घरात ढिगानं होते.

स्टेन घेतला तेलाचा, अर्धपारदर्शक, मुरणारा. वर थर करत नाही, म्हणून त्याचे पापुद्रे निघत नाहीत; तो नुसता फिका पडतो. रंगद्रव्य हवं, कारण ऊन अडवतं तेच. अगदी पारदर्शक तेल दिसायला सुरेख, पण वर्षभरात करडं. उलट पूर्ण झाकणारा स्टेन हा रंगाचाच चुलतभाऊ. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांवर तो चालतो, पायाखाली नाही.

तीन-तीन फळ्या घेऊन पार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मधे थांबायचं नाही. थांबलात तर जिथं ओली कड वाळली तिथं दुहेरी पट्टा कायमचा उमटतो. सूर्य घरामागे गेल्यावर सुरुवात केली. मी रुंद ब्रशनं लावत पुढे, बायको वीस मिनिटांनी मागून फडक्यानं न मुरलेलं तेल टिपत. एकच हात. लाकडाला जेवढं प्यायचं तेवढं पितं. वर उरलेलं चकाकतं, चिकट राहतं आणि पुढच्या वर्षी सोलतं. फळ्यांच्या टोकांना मात्र दोनदा, तीनदा, पिईल तेवढं. फरशी, पायऱ्या आणि कठडा मिळून दोन गॅलन लागले.

फडक्यांचं सांगायचं राहिलं असतं. तेल पुसलेली आठ-दहा फडकी आम्ही चुरगाळून प्लॅस्टिकच्या बादलीत टाकली आणि चहाला आत गेलो. तासाभरानं मी बादली उचलली तर तळ कोमट लागला. हात आत घातला: मधली फडकी गरम, नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यासारखी. जवसाच्या जातीची तेलं वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतात आणि उष्णता सोडतात. पसरलेलं फडकं ती हवेत घालवतं, चुरगाळलेलं साठवतं. अशी फडकी आपली आपण पेटतात, हे मी डब्यावर वाचलं होतं आणि खरं मानलं नव्हतं. बादली गॅरेजच्या लाकडी फळीवर होती. फडकी पाण्यात बुडवली आणि नंतर कुंपणावर एकेक पसरली.

खर्च: सुतार आणि त्याचं सामान २,९०० डॉलर, परवाना धरून, पाच फळ्या, स्क्रू, रसायनं, स्टेन आणि मीटर मिळून आणखी सातशेच्या आत. नव्या डेकचा सर्वांत स्वस्त दर ११,००० होता. आमचे आठ-नऊ रविवार ह्यात धरलेले नाहीत. ह्यातला स्टेन किती? शंभराच्या आसपास. सगळा वाद ज्याच्यावरून घातला, तो सर्वांत स्वस्त भाग.

२०२२ च्या वसंतात फळीवर पाण्याचे थेंब टाकले तर मोत्यांसारखे उभे राहिले. २०२३ मध्ये नैऋत्येच्या कोपऱ्यात ते दहा मिनिटांत मुरले. त्या वर्षी डेकवर काळे शिंतोडेही आले. मला बुरशी वाटली, ती अर्धवट खरी. शेजारच्या झाडावर स्पॉटेड लँटर्नफ्लाय नावाचे किडे बसत होते, त्यांच्या अंगातून गळणाऱ्या गोड रसावर ही काळी बुरशी वाढते, परकार्बोनेटनं गेली. २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा धुऊन एक हात दिला. एका शनिवार-रविवारात काम संपलं, सव्वा गॅलन लागला, खरवडावं काहीच लागलं नाही. नवीन पाच फळ्या मात्र अजून वेगळ्या दिसतात, घरात नव्यानं आलेल्या सुनेसारख्या.

बाबा-आई २०२३ च्या मे महिन्यात एकदाचे आले. आईनं डेकवर खुर्ची टाकून चहा घेतला. बाबा वर आलेच नाहीत. विमानतळावरून आल्यावर तासाभरात, लुंगी खोचून, माझा टॉर्च घेऊन ते खाली शिरले. हँगर एकेक करून पाहिले, बोटानं खरवडून. लेजरवर हात फिरवला. मी बाहेर वाकून निकालाची वाट बघत होतो. टॉर्च हळूहळू तुळईच्या पलीकडे, बाहेरच्या कोपऱ्यात गेला आणि तिथं थांबला. त्या खांबाचा पाया मागच्या मालकानं फुलझाडांसाठी माती टाकून वीतभर गाडला आहे. बाबांनी माती हातानं उकरली. मग हात बाहेर काढून मला स्क्रूड्रायव्हर मागितला.

"ह्यो खांब कोणी बघल्यान काय?"

टोक अर्धा इंच आत गेलं. आम्ही तिथली माती काढून खडी टाकली, वर्षभर सुकू दिलं, आणि दर महिन्याला टोचून पाहिलं. २०२४ च्या ऑक्टोबरात तो खांब बदलला. उरलेले दोन अजून घट्ट आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना टोचतो आणि फोटो देवगडला पाठवतो.